कॅमेऱ्याचा धंदा आणि घरचे शुक्रवार

या पानाच्या वाचकांना सुताचे भाव, ग्रे कापडाची मागणी आणि दलालीचे वाद वाचण्याची सवय आहे. मीही गेली तीस वर्षे मालेगावात कापडाचाच व्यापार करतो. शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी मी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांकडून शिकलो, त्यामुळे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. आज लिहायचे आहे ते कापडाविषयी नाही. ते आहे फोटो आणि फिल्मच्या धंद्याविषयी आणि हा धंदा करणाऱ्या माणसाच्या घराविषयी. माझ्या घरात हा प्रश्न दोन पिढ्यांपासून आहे, म्हणून लिहिण्याचा थोडाबहुत हक्क मला आहे असे वाटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट लागला. आमच्याच गावच्या शेख नासिर आणि त्यांच्या दोस्तांची ती कहाणी. गावात चार लोक जमले की एकच चौकशी चालू असे: चित्रपटाने किती कमावले, गावच्या पोरांना किती मिळाले. व्यापारी गाव आहे, असे प्रश्न होणारच. मी चित्रपट पाहून घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच हिशेब चालू होता. या पोरांनी फिल्मा काढल्या त्या कुणाच्या वेळेतून काढल्या?

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी हकीकत सांगतो. मालेगावात यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी असते. त्याच दिवशी जुम्याची नमाज, त्याच दिवशी सिनेमा, बरीचशी लग्ने त्याच दिवशी आणि लूमवरचा मजूर आपल्या मुलांचे तोंड उजेडात पाहतो तेही त्याच दिवशी. नव्वदच्या दशकात गावात व्हिडिओ पार्लर जोरात होते. नासिरभाई असेच पार्लर चालवत. दोन व्हीसीआर जोडून एका फिल्ममधला तुकडा दुसरीत बसवायचा, असे करत करत ते मिक्सिंग शिकले. पुढे चोरीच्या कॅसेटींवर पोलिसांची कारवाई झाली, तेव्हा त्यांनी ठरवले की आता फिल्मच आपली काढू. सन २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' तयार झाली. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ कॅमेरा, घरचे कपडे आणि नट म्हणून गावचेच दोस्त. गर्दी उसळली आणि त्यानंतर गावात फिल्मा काढण्याची लाटच आली. पुढे आमची खान्देशी कॉमेडी मोबाइलवर गेली आणि छोटू दादाचे नाव देशभर झाले, पण तो वेगळा विषय आहे.

फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. 'मालेगाव का सुपरमॅन' या फिल्मचे शूटिंग कसे चालले ते त्यात आहे. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमागावरचा मजूर. अंगाने काटकुळा, पण पडद्यावर उडायची हौस मोठी. शूटिंग अर्धे झाले असताना त्याचे लग्न निघाले आणि कामाचा खोळंबा झाला. लोक ते पाहून हसतात, मीही हसलो होतो. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा मात्र लक्षात आले की तिथे त्याचे लग्नच शूटिंगच्या आड आल्यासारखे दिसते. शूटिंग लग्नाच्या आड येते आहे, असे कुणालाच वाटत नाही. शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने वारला. अल्लाह त्याची मगफिरत करो. त्याचे नाव जगात गेले. सहा दिवस लूम आणि सातव्या दिवशी कॅमेरा, अशा त्या वर्षांत त्याच्या घराच्या वाट्याला किती दिवस आले, याची नोंद कुठल्याच वहीत सापडायची नाही.

आता धंद्याकडे वळतो. गावात फिल्मवर पोट भरणारे फार थोडे. पोट भरते ते लग्नाच्या शूटिंगवर. नासिरभाईंच्या पिढीचेही तेच होते आणि माझ्या मोठ्या मुलाचेही आज तेच आहे.

हा धंदा आमच्या कापडाहून कसा निराळा आहे ते पाहा. मी ग्रे कापडाची गाठ पाली किंवा बालोतऱ्याला पाठवतो, पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात. व्यापाऱ्याने पैसे थकवले तरी माल कुठेतरी असतो, बिल असते, दलाल असतो. फोटोवाल्याचा माल म्हणजे एक दिवस. बुकिंगला पार्टी थोडा अॅडव्हान्स देते, निकाहच्या दिवशी थोडे देते आणि बाकी रक्कम अल्बम हातात पडल्यावर. मधल्या काळात मुलीची बिदाई होऊन गेलेली असते, घरात कर्ज दिसू लागलेले असते आणि फोटो निवडायला कुणालाच फुरसत नसते. पार्टीने फोटो निवडले नाहीत की करिश्मा अल्बम छापायला जात नाही आणि अल्बम नाही तर बाकी नाही. माझ्या मुलाच्या कपाटात दोन-दोन वर्षांची लग्ने हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत. डिस्क त्याची, वीज त्याची, जोखीम त्याची. उद्या ती बिघडली तर तेच लोक भांडायला येतील.

दुसरी गोष्ट हंगामाची. लग्ने महिन्यांच्या हिशेबाने येतात. मोहर्रमात आमच्याकडे लग्न फारसे कुणी धरत नाही, रमजानात तर बंदच. उरलेल्या महिन्यांत एका तारखेला चार पार्ट्या दारात उभ्या राहतात. मग मदतनीस घ्या, दुसरा कॅमेरा भाड्याने आणा, ड्रोनवाल्याला सांगा. कॅमेरा घेतला दीड लाखाचा, त्याचा हप्ता बाराही महिने आणि कमाई सात-आठ महिने. शिवाय दर तीन-चार वर्षांनी नवे मॉडेल निघते आणि पार्टी विचारते, तुमच्याकडे ते नवीन आहे का? लूम एकदा बसवली की वीस वर्षे चालते, माझ्या शेजाऱ्याची तर त्याहून जुनी चालू आहे. कॅमेऱ्याचा घसारा मात्र असा की पाहून कारखानदार घाबरेल. २०२० साली लॉकडाउनमध्ये लग्ने थांबली तेव्हा आमचे लूमही बंद होते, पण गोदामात कापड तरी होते. मुलाकडे फक्त हप्ते होते.

तसवीर काढणे जायज की नाजायज, हा मसला उलेमांचा आहे, मी त्यात पडत नाही. मी घरचा हिशेब मांडतो आहे.

माझी स्वतःची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. १९८९ साली मी एक जुना याशिका कॅमेरा घेतला होता. वय एकोणीस. रविवारी मोसम नदीच्या काठी जायचो, कांडी भरणाऱ्या बायकांचे, बीम वाहून नेणाऱ्या पोरांचे फोटो काढायचो. एका रोलला छत्तीस फोटो, ते पुरवून पुरवून वापरायचे. धुऊन आणण्याचे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून जात. वालिद साहेबांनी १९९२ मध्ये मला समोर बसवून सांगितले, "कॅमेरा विक आणि दुकानात बस." मी विकला. सातशे रुपये आले. ते पैसे मी त्यांच्याच हातात दिले.

आणि मागच्या वर्षी मी माझ्या मुलाला तेच वाक्य ऐकवले, एका शब्दाचाही फरक न करता.

झाले असे की माझ्या चार वर्षांच्या नातीला डेंग्यू झाला. दिवस शुक्रवारचा. मुलगा धुळ्याला एका मोठ्या लग्नात होता. हॉलमध्ये शूटिंग चालू असताना तो फोन बंद ठेवतो, कारण रेकॉर्डिंगमध्ये घंटी येते. सून आणि मी मुलीला दवाखान्यात घेऊन गेलो. प्लेटलेट्स उतरत होत्या, रात्रभर जागरण झाले. त्याला खबर मिळाली ती रात्री साडेअकराला, जेवणाचा शॉट संपल्यावर. तो पहाटे पोहोचला. अल्लाहच्या कृपेने तीन दिवसांत मुलगी बरी झाली. पण सून काही बोलली नाही, पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन भिवंडीला माहेरी गेली आणि महिना झाला तरी परत येण्याचे नाव काढीना.

मी मुलावर संतापलो आणि वर दिलेले वाक्य बोललो. तो निघून गेला. माझी पत्नी आतून ऐकत होती. ती म्हणाली, "तुम्ही त्या वेळी दुकानात बसलात. पण त्यानंतर किती वर्षे घरात कुणाशी नीट बोलला नाहीत, ते मला माहीत आहे. सातशे रुपये सासऱ्यांना मिळाले, मला काय मिळाले?" एकतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिने पहिल्यांदा काढली.

भिवंडीला मला कामानिमित्त जावेच लागते. एका फेरीत सुनेच्या माहेरी गेलो. आमच्या घरात उर्दू बोलली जाते, तिचे बोलणे मराठीत देतो. "अब्बा," ती म्हणाली, "ते काम करतात याची मला तक्रार नाही. लग्नाआधीच मला माहीत होते की ते फोटोग्राफर आहेत. पण पार्टी आली की ते डायरी काढतात आणि तारीख लिहून देतात. ती तारीख मग जगबुडी झाली तरी हलत नाही. माझी तारीख त्या डायरीत कधीच नसते. मला उरलेले दिवस मिळतात आणि उरलेले दिवस नसतातच."

मी घरी येऊन ती डायरी मागून घेतली. व्यापाऱ्याला वही वाचता येते. वर्षाच्या ५२ शुक्रवारांपैकी ३९ शुक्रवारी बुकिंग होते. उरलेल्या १३ पैकी ५ शुक्रवार दोस्तांबरोबर छोट्या फिल्मच्या शूटिंगमध्ये गेले होते. म्हणजे घरासाठी आठ, त्यातही रमजानचे चार. आमच्या मुलीच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम काढून पाहिला. तीनशे फोटो आहेत. त्यात भाऊ एकाही फोटोत नाही, कारण सगळे त्यानेच काढलेले.

या डायरीवरून मला आपल्या जिल्ह्यातले दुसरे घर आठवले. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. नाशिकच्या लोकांना त्यांच्याविषयी मी काय सांगणार! पण त्यांची हकीकत लोक कलेची म्हणून सांगतात, मला ती भांडवलाची वाटते. त्यांनी आधी फोटोग्राफी केली, गोध्र्यात स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब विलायतेला गेले आणि कॅमेरा व यंत्रे घेऊन आले. कच्ची फिल्म त्या काळी भोके न पाडलेली येई. अंधारात बसून तिच्या कडेला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याचे कामही त्या शिकल्या. कलावंत आणि कामगार मिळून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि दागिने गेले ते वेगळेच. मुलगा भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र' मध्ये रोहिदास झाला. चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला. पुढे 'कालिया मर्दन' मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. रोकड, मजुरी, भोजन खर्च आणि कारागिरी, चारही बाजूंनी बाईंचे भांडवल लागलेले आहे. १९१८ मध्ये मुंबईच्या भागीदारांना घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, तेव्हा भांडवल घालणाऱ्यांना हिस्सा मिळाला. सरस्वतीबाईंच्या भांडवलाला कागदावर हिस्सा मिळाल्याचे मी तरी कुठे वाचलेले नाही. दादासाहेब १९४४ मध्ये नाशिकला वारले तेव्हा हाती फारसे काही राहिले नव्हते. तरीही एक गोष्ट मानावी लागते. त्या बाईंना कामाच्या बाहेर ठेवले नव्हते. काय चालले आहे, फिल्म कुठे अडली आहे, पैसा कुठून येणार आहे, हे सगळे त्यांना माहीत होते. माझ्या सुनेला धुळ्याच्या हॉलचे नावसुद्धा माहीत नव्हते.

मुलाला बोलावून घेतले. कॅमेरा विक हे शब्द मी परत घेतले. असे शब्द परत घेणे बापाला जड जाते, पण घेतले. मग डायरी दोघांमध्ये ठेवली आणि म्हटले, तुझ्या घराला एक पार्टी समज. पार्टीला तारीख देतोस तशी घराला दे, वर्षाच्या सुरुवातीला दे आणि मोठी पार्टी आली म्हणून ती खोडायची नाही. मी महिन्याला दोन शुक्रवार मागितले. तो म्हणाला, "अब्बा, हंगामात दोन दिले तर हप्ता निघणार नाही." त्याने आकडे मांडून दाखवले, ते बरोबर होते. हंगामात एक आणि बिगर हंगामात तीन, यावर तोड झाली. फोन बंद ठेवण्याचे म्हणाल तर मदतनिसाचा नंबर घरात लिहून ठेवला, तेवढ्याने भागले. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, कोण जाणे.

मुलगा स्वतः भिवंडीला गेला. सून परत आली ती एक अट घेऊन आली आणि ती अट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. ती म्हणाली, "जनानी बाजूचे काम मी करणार."

या अटीत धंद्याची मोठी गोष्ट आहे. आमच्या लग्नांत मर्दानी बाजूला कॅमेरे पाच-पाच आणि जनानी बाजूला घरातल्या कुण्या मुलीचा मोबाइल. पर्दा पाळणाऱ्या घरात पुरुष फोटोग्राफर आत जाऊ शकत नाही. दुल्हनचे चांगले फोटो हवेत असे प्रत्येक आईला वाटते, पण काढणार कोण आणि ते फोटो नंतर कुणाच्या संगणकावर राहणार? सून डी.एड. झालेली आहे, हाताला धीर आहे. मुलाच्या जुन्या कॅमेऱ्यावर चार महिने शिकली. आधी दिवा लावून घरातल्या भांड्यांचे फोटो काढले, मग नातेवाइकांच्या मंगनीत मोफत काम केले, मग पैसे घेऊन. तिने आपला एक नियम केला आहे. जनानी बाजूचे फोटो ती स्वतः निवडते, स्वतःच दुरुस्त करते, अल्बम दिल्यावर मेमरी कार्ड दुल्हनच्या आईच्या हातात ठेवते आणि आपल्याकडची प्रत तिच्यासमोर पुसून टाकते. नवऱ्यालाही ते फोटो दाखवत नाही. ही अमानत लोकांनी ओळखली. आता असे होते की पार्टी आधी तिची तारीख विचारते आणि मुलाला पाठोपाठ बुकिंग मिळते. तिचे पैसे तिच्या खात्यात जातात, ही दुसरी अट होती. बाकी थकवणाऱ्यांकडून वसुली करण्यात ती मुलापेक्षा कडक निघाली, हे व्यापारी म्हणून मला मनापासून आवडले.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. दोघेही शुक्रवारी बाहेर गेले की नात आमच्याकडे. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात आणि मी शुक्रवारी दुपारी जरा पडायचो, ते बंद झाले. या मजुरीचे बिल अजून कुणी काढलेले नाही. शिवाय घराच्या शुक्रवारीही मुलगा मोबाइलवर रंग दुरुस्त करत बसलेला सापडतो. त्यावरून भांडणे होतात, होत राहतील.

आणि त्याची फिल्म अजून डोक्यातून गेलेली नाही. रात्रपाळीच्या मजुरावर वीस मिनिटांची गोष्ट आहे, तीन दोस्त आहेत, पैसा नाही. मी दोन गोष्टी सांगितल्या. लग्नाच्या कॅमेऱ्यावर फिल्मसाठी कर्ज काढायचे नाही आणि दोस्तांमध्ये आधीच लिहून घ्यायचे की कुणाचे किती. पहिली त्याने मानली. दुसरीवर हसून म्हणाला, "अब्बा, दोस्तीत कागद?" मी गप्प बसलो. कापडाच्या धंद्यात दोस्तीतले बिनकागदाचे व्यवहार मी पुष्कळ पाहिले आहेत.

मागच्या आठवड्यात तो दुकानात आला. मजुराला झोपेत स्वप्न पडते, असा एक प्रसंग आहे, त्यासाठी मागे एकरंगी हिरवा पडदा पाहिजे. नासिरभाईंनी सुपरमॅनला उडवताना असाच हिरवा कपडा लावला होता, ही बात गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी एक ताका हिरवा रंगवून आणवला, बारा मीटर फाडून दिला आणि त्याच्या नावावर उधार लिहिला. शूटिंग येत्या शुक्रवारी आहे. हा शुक्रवार खरे तर घराचा होता. सुनेने तो दिला आहे, बदल्यात पुढच्या महिन्याचे दोन घेतले आहेत आणि डायरीत आपल्या हाताने लिहून ठेवले आहेत.